ग्रामपंचायतीचा कारभार किती खुला आहे, हे कसं तपासाल?

फलक लागला, वेबसाइट झाली, एवढ्यावरून काही ठरत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मधली १७ मुद्द्यांची माहिती ग्रामपंचायतीने प्रसिद्ध केली आहे का आणि ती शेवटची कधी अद्ययावत केली, ते आधी पाहा. तारीखच नसेल तर सरळ शून्य गुण द्या.

खरी कसोटी एका कामाचा माग काढण्यात आहे. गेल्या वर्षीचा एक सिमेंट रस्ता निवडा. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरच्या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तो आहे का, खर्च किती दाखवलाय, हे टिपून ठेवा. मग अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) आणि देयकाच्या प्रती माहिती अधिकारात अर्ज करून मागा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. ३० दिवसांत उत्तर आलं का, हेही मोजा. प्रती हाती आल्या की टेप घेऊन रस्त्यावर जा. लांबी-रुंदी सहसा जुळते. घोळ असतो जाडीत, ती उघड्या कडेला मोजा.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १०० किंवा १५ टक्के मतदार, यातली कमी संख्या. पण सह्या कधीकधी नंतर घरोघरी फिरून घेतलेल्या असतात. त्यामुळे हजेरीपेक्षा मागच्या सभेतले ठराव किती अमलात आले, ते मोजा.