कस्टम इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड बनवून घ्यायचाय? आधी कागद-पेन घ्या

डिझायनरकडे जाऊन "मोटर आपोआप चालू-बंद करणारा बोर्ड पाहिजे" एवढंच सांगितलंत तर तो तसा बोर्ड बनवून देईल, टेबलावर झकास चालेलही, पण शेतातल्या स्टार्टर पेटीत गेला की महिनाभरात बोंबलेल. म्हणून पहिलं काम, बोर्ड कुठे बसणार ते लिहून काढा.

पंपाचंच उदाहरण घ्या. सप्लाय थ्री फेज, नावाला ४१५ व्होल्ट, पण दिवसा किती पडतो आणि रात्री लोड कमी झाल्यावर किती चढतो ते स्वतः मीटर लावून बघा. विहीर कोरडी पडली की मोटरचा करंट कमी होतो, त्यावरनं ड्राय रन (पाण्याविना मोटर चालणं) ओळखता येतो, हे सोपंय. एक फेज गेला की उरलेल्या दोनवर करंट वाढून वाइंडिंग जळतं, तेव्हा लगेच ट्रिप, म्हणजे मोटर आपोआप बंद, व्हायला पाहिजे. पण शेतकरी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवतो का हे आधी विचारा, नाहीतर तुमचा बोर्ड सारखा ट्रिप होणार आणि तो वायर काढून थेट जोडणार! शिवाय पेटीत पाली, मुंग्या असतातच, म्हणून बोर्डवर कन्फॉर्मल कोटिंग (संरक्षक लेपाचा पातळ थर) आणि केबलला ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली फट बंद करणारी बुच) हवेच, इथे पैसे वाचवू नका.

कारखान्यातल्या मशीनचं गणित वेगळं. तिथे कंट्रोल सप्लाय बहुतेक २४ व्होल्ट डीसी, सेन्सर ४ ते २० मिलीअँपचे, म्हणजे रीडिंग तेवढ्या करंटच्या रूपात पाठवणारे, कारण वायर लांब असली तरी रीडिंग बदलत नाही आणि वायर तुटली की करंट शून्य होतो, लगेच कळतं.

डिझाइनमध्ये तीन गोष्टी स्वतः तपासा. मेन्स आणि लो व्होल्टेजमध्ये निदान ८ मिमी अंतर. कपॅसिटर ८५ नाही तर १०५ डिग्रीचेच, कारण उन्हातली पत्र्याची पेटी भट्टीसारखी तापते आणि दर १० डिग्रीला कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि मुख्य आयसीला (चिपला) पर्याय आहे का? २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्यात एका पार्टसाठी वर्ष वर्ष थांबावं लागलं लोकांना.

मग ५ नग बनवा, एप्रिल-मे मध्ये खऱ्या पेटीत लावून ठेवा, जे बिघडेल ते सुधारा, मग ५० करा. एकदम ५०० ची ऑर्डर देऊ नका, नग स्वस्त पडतो म्हणून मोह होतो खरा.

शेवटचं पेमेंट करायच्या आधी स्किमॅटिक (सर्किटचा आराखडा), गर्बर (बोर्ड छापायच्या फाइली), पार्टची यादी आणि फर्मवेअरचा (चिपमधल्या प्रोग्रामचा) सोर्स कोड ताब्यात घ्या, आणि हे पीओवर (खरेदी ऑर्डरवर) पहिल्याच दिवशी लिहा, नंतर मागितलं की लोक टाळाटाळ करतात. असेंब्लीवाल्याला टेस्ट जिग (बोर्ड तपासायची जोडणी) पण बनवून द्या, म्हणजे प्रत्येक बोर्ड रिले वाजवून, करंट दाखवूनच बाहेर पडेल.