सिग्नलला तापणारी जुनी गाडी : इलेक्ट्रिक फॅन बसवण्याआधी आणि बसवताना

मे महिन्यात संध्याकाळी सातला सायन सर्कलला अडकलं की जुन्या गाडीवाल्याचं लक्ष सिग्नलवर नसतं, टेंपरेचरच्या काट्यावर असतं. माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची. ३० ऑक्टोबर २०२३ला पद्मिनीच्या टॅक्सी मुंबईतून निवृत्त झाल्या, तेव्हापासून तर ही गाडी धडधाकट ठेवायची असं मी मनाशी पक्कंच केलंय. गाडी तापायला लागली की प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "इलेक्ट्रिक फॅन टाका." सल्ला चुकीचा नाही, पण तो शेवटचा उपाय आहे. तो पहिला केला तर खरा आजार तसाच राहतो आणि एक दिवस हेड उतरवायची वेळ येते.

गाडी तापते कुठे, ते आधी बघा

फॅनची गरज गाडी उभी असताना किंवा रांगत असताना असते. ताशी ५०-६० किलोमीटरच्या वर समोरच्या जाळीतून येणारा वाराच रेडिएटरला (इंजिनचं गरम पाणी निववणाऱ्या नळ्यांच्या चौकटीला) पुरतो. त्यामुळे सिग्नलला तापणारी आणि फ्रीवेला लागल्यावर काटा खाली येणारी गाडी असेल, तर तिला हवा कमी पडतेय. फॅनचा उपयोग तिथे होईल. पण मोकळ्या रस्त्यावर सत्तरने पळतानाही काटा चढत असेल, तर दोष पाण्याच्या फिरण्यात, रेडिएटरमध्ये किंवा इंजिनातच आहे. त्याला कितीही मोठा फॅन लावला तरी फरक पडणार नाही. खंडाळ्याचा घाट मधला प्रकार आहे. तिथे वेग कमी आणि इंजिनवर ओझं जास्त, म्हणून एकट्या घाटावरून निदान करू नका.

पाण्याची बाजू

इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, फडकं धरलं तरी. झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा स्प्रिंग सैल पडली असेल, तर झाकण बदला. ही किरकोळ वस्तू वाटते, पण आतला दाब तीच धरून ठेवते आणि दाबामुळेच पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाच्या झाकणाने तो साधारण १० अंशांनी वाढतो. कोणत्या दाबाचं झाकण घ्यायचं ते गाडीच्या पुस्तकात बघूनच घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुन्या रेडिएटरचे सांधे फुटतात.

फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. बोटाच्या रुंदीइतका आत जायला हवा, त्याहून सैल असेल तर वॉटर पंप नीट फिरत नाही. रेडिएटरचा खालचा होज पाईप (रबरी नळी) हाताने पिळून बघा. आतून लिबलिबीत झाला असेल, तर इंजिनचा वेग वाढल्यावर तो चपटा होतो आणि पाणी अडतं.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापमानाला आलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. मुंबईत कित्येक जुन्या गाड्यांमधून तो कधीच काढून टाकलेला असतो. "आपल्याकडे थंडी कुठे आहे, कशाला हवा," असं सांगून. माझ्याही गाडीत तो नव्हता. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांमध्ये पाणी बायपासच्या वाटेने फिरत राहून रेडिएटरला हवं तेवढं पोचतच नाही. नवा बसवण्याआधी घरच्या गॅसवर तपासून घ्या. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला बांधून अधांतरी सोडलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर. थर्मोस्टॅटवर ८२ (अंश सेल्सिअस) कोरलं असेल तर त्या सुमाराला झडप फटीएवढी उघडते आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण. उघडत नसेल तर तो फेकून द्या.

रेडिएटर तपासायची सोपी रीत : गाडी गरम झाल्यावर इंजिन बंद करा, चावी काढून घ्या आणि रेडिएटरवर तळहात जपून फिरवा. ऊब वरून खाली हळूहळू कमी होत जायला हवी. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या गाळाने बुजल्या आहेत. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, त्या बोअरच्या पाण्यानेच पूर्वी रेडिएटर भरला जायचा. आतून निघालेला पांढरा थर नखाने खरवडावा लागला. असा रेडिएटर कारागिराकडे देऊन टाकी उघडवून सळीने साफ करून घ्या आणि भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला. रेडिएटरच्या नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांतली धूळ, किडे, कापूस इंजिनच्या बाजूने पुढे हलक्या धारेने पाणी मारून काढा. जोरात मारलं तर पत्रे वाकतात.

दोन गोष्टी आणखी, थोडक्यात. ऑइलची पट्टी दुधाळ चहासारखी दिसली किंवा झाकण उघडून इंजिन चालू केल्यावर पाण्यात बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय घ्या. आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडलं असेल तरी गाडी तापते. ते आधी जुळवून घ्या.

आता फॅन

एवढं सगळं होऊनही सिग्नलला काटा चढत असेल, तर फॅन बसवा. माझं मत असं, की इंजिनचा मूळ फॅन काढू नका. रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या मागे दुसरा इलेक्ट्रिक फॅन लावा. मागून ओढणारा फॅन जास्त परिणामकारक असतो हे खरं, पण तिथे मूळ फॅन असतो, आणि तो ठेवला तर इलेक्ट्रिक फॅनचा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) जळाल्यावरही गाडी घरी येते. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मारुती ८००च्या मापाचे फॅन मिळतात. जाताना पुठ्ठ्यावर रेडिएटरचं माप आणि जाळीपर्यंतची खोली काढून न्या.

फॅन रेडिएटरच्या पत्र्यांतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून लटकवू नका. कंपनाने पट्टी नळीला घासते आणि काही महिन्यांत तिथूनच गळती सुरू होते. रेडिएटरच्या चौकटीचे जे बोल्ट आहेत, त्यांनाच पत्र्याची पट्टी वाकवून पकड द्या. गाडीला नवं भोक पाडायची गरज पडत नाही.

वायरिंगला घाई नको. फॅनला सुमारे ८० वॉट लागले तर १२ व्होल्टला ७ अँपिअर होतात, आणि सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. हा भार डॅशबोर्डच्या स्विचवर टाकला तर स्विच वितळतो. त्यासाठी ३० अँपिअरचा रिले घ्या. ३० नंबरच्या टोकाला बॅटरीकडून येणारी वायर, बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज, ८७ला फॅन, ८६ला चावीनंतरचा करंट आणि ८५ला थर्मोस्विच (पाणी तापलं की आपोआप चालू होणारा स्विच). वायर २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. थर्मोस्विच वरच्या होजमध्ये जोडणीचा तुकडा घालून बसवा. हा तुकडा रबरांच्या मध्ये असतो, त्याला आपोआप अर्थ मिळत नाही. त्याला वेगळी अर्थ वायर बॉडीवर न्यावी लागते. स्विच थर्मोस्टॅटच्या वर चालू व्हायला हवा. ८२चा थर्मोस्टॅट असेल तर ९५च्या आसपास चालू, ९०ला बंद असा घ्या. याहून खालचा घेतला तर फॅन दिवसभर फिरत राहतो.

काही जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. तशी गाडी असेल तर जोडण्याआधी खात्री करा, नाहीतर फॅन उलटा फिरेल.

उलट्या फॅनचा त्रास मी भोगलाय. एका इलेक्ट्रिशियनने बसवून दिलेला फॅन चांगला घोंघावत होता, वाराही लागत होता, पण गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापायला लागली. दोन आठवडे मी पंप, होज, सगळं पुन्हा तपासलं. शेवटी इंजिन बंद ठेवून नुसता फॅन चालू केला आणि जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं. ते माझ्या हातात फडफडत बाहेर उडालं. तो फॅन हवा पुढे ढकलत होता आणि मागचा मूळ फॅन तीच हवा मागे ओढत होता. दोन वायरी अदलाबदल केल्या आणि पान जाळीला चिकटलं. तुम्हीही ही चाचणी पहिल्याच दिवशी करा.

गाडीला बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनॅमो असेल, तर सर्वात मोठी अडचण तिथेच आहे. इंजिन हळू फिरत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, आणि फॅन नेमका तेव्हाच चालतो. पावसाळ्यात हिंदमाताला वायपर, हेडलाइट आणि फॅन एकदम चालू असले की सगळा भार एकट्या बॅटरीवर येतो. त्याच्या जागी अल्टरनेटर बसवून घेणं हाच उपाय, तो इंजिन हळू फिरतानाही करंट देतो. मूळ डायनॅमो जपून ठेवा.

पाणी भरून तपासणी

कूलंट हळूहळू भरा. गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर असेल तर त्याचा नळ उघडा आणि झाकण न लावता इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि हवेचे मोठे बुडबुडे येतात. पुन्हा भरा, बुडबुडे थांबल्यावर झाकण लावा. मग गाडी इमारतीच्या आवारात वीस मिनिटं उभी चालू ठेवा. फॅन स्वतःहून सुरू होतो का, काटा खाली आणून बंद होतो का, ते घड्याळ लावून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी पुन्हा पाहा आणि होजच्या क्लिपा अर्धा फेरा आवळा.