फेसपेंट निवडताना: बेसचा रंग वेगळा, रेघेचा वेगळा

सोसायटीचा गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन, वाढदिवस, वानखेडेवरची मॅच. मुंबईत चेहरे रंगवायला निमित्त कमी नाहीत. रंग घ्यायची वेळ आली की जो तो विचारतो, ‘सगळ्यांत चांगला ब्रँड कुठला?’ त्यावर माझा प्रश्न एकच असतो: कशासाठी? वाघाचा केशरी गालभर पसरायचा आहे की त्यावर काळे पट्टे ओढायचे आहेत? पहिला म्हणजे बेस, खालचा पसरलेला रंग, आणि दुसरी त्यावरची रेघ. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना वेगळे रंग लागतात. हे कळलं की खर्च वाचतो आणि कामाचा दर्जा लगेच सुधारतो.

आधी वडीत काय आहे ते समजून घ्या

डबीतल्या घट्ट वडीतून पाण्याने भिजवून लावायच्या रंगांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एकात ग्लिसरीनचा भर असतो, दुसऱ्यात मेणाचा. ग्लिसरीनची वडी मऊ असते. ओला स्पंज लागताच रंग सुटतो, सहज पसरतो, शेजारच्या रंगात छान मिसळतो. मेणाची वडी कडक. तिच्यावर ब्रश जरा जास्त फिरवावा लागतो, पण रंग भरीव बसतो आणि रेघेची कड स्वच्छ राहते. जाड थर दिला तर मात्र तो हसताना तडकतो.

आपल्या हवेचा प्रश्न इथेच येतो. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. कोरड्या थंडीत तो गुण ठरतो. मे महिन्यात किंवा दहीहंडीच्या दिवशी तोच रंग चिकट होऊ लागतो आणि घामाने पुन्हा ओला होऊन सरकतो. म्हणून परदेशी कलाकारांनी एखाद्या ब्रँडला दिलेली पसंती जशीच्या तशी उचलू नका. इथल्या दमट हवेत तो रंग कसा वागतो, ते स्वतः पाहा.

ग्लिसरीनच्या बाजूला क्रायोलनचा अ‍ॅक्वाकलर, मेहरॉनचा पॅरडाइज, सुपरस्टार आणि स्नॅझारू. क्रायोलन ही १९४५ सालापासूनची बर्लिनची कंपनी, आपल्या नाटक-सिनेमाच्या रंगभूषाकारांच्या पेटीत हमखास दिसणारी आणि मुंबईत सहज मिळणारी. घेताना एक बघा: सुप्राकलर हा त्यांचाच, पण तेलकट रंग आहे, त्याला पावडर लावून बसवावं लागतं. मुलांच्या कामाला अ‍ॅक्वाकलरच मागा. मेहरॉन १९२७ पासूनची न्यूयॉर्कची कंपनी. पॅरडाइजची ४० ग्रॅमची वडी लोण्यासारखी मऊ आणि बेसला फार सुरेख. स्नॅझारू ब्रिटिश, १८ मिलिलिटरची डबी, धुवायला सोपा आणि शिकाऊ हाताला बरा. पण त्याच्या काळ्या-पांढऱ्याच्या रेघा मला फिक्या वाटतात.

मेणाच्या बाजूला वुल्फ एफएक्स, डायमंड एफएक्स आणि ऑस्ट्रेलियाचा टॅग. वुल्फ हे नाव निक आणि ब्रायन वुल्फ या जुळ्या अमेरिकी बॉडीपेंटरांचं. या कंपनीचे काळा आणि पांढरा रेघेसाठी नावाजलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. डच सुपरस्टारने तर रेघेसाठी म्हणून काळा-पांढरा वेगळाच काढला आहे.

पायरी १: थोडंच घ्या, लेबल वाचून घ्या

बारा रंगांची पॅलेट लगेच घेऊ नका. दोन्ही गटांतला एकेक काळा, एकेक पांढरा आणि ग्लिसरीनचा एक केशरी, एवढ्यावर तुलना होते. लहान डबी मिळाली तर तीच घ्या.

आयात केलेल्या प्रसाधनावर नोंदणी क्रमांक, आयातदाराचं नाव, बॅच नंबर आणि वापरण्याची मुदत असायला हवी. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार ही नोंदणी सक्तीची आहे. यातलं काही नसेल तर डबी स्वस्त असली तरी ठेवून द्या. पोस्टर कलर आणि अ‍ॅक्रिलिकवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं, पण म्हणून ते त्वचेला चालत नाहीत. निऑन रंगांतली बरीच रंगद्रव्यं चेहऱ्यासाठी मान्य नसतात. मुलांच्या डोळ्यांभोवती ती लावूच नका. हस्तकलेची चमकीही नको.

पायरी २: त्वचेची चाचणी

कोपराच्या आतल्या बाजूला छोटा ठिपका लावा, वाळू द्या, धुवा आणि २४ तास वाट बघा. खाज, लाली किंवा पुरळ आलं तर तो रंग बाद. हातावर गुण मिळवलेला रंगसुद्धा प्रत्येकाच्या चेहऱ्याला मानवेलच असं नाही, म्हणून पालकांना ऍलर्जीबद्दल आधी विचारा.

पायरी ३: बेसची परीक्षा

दाट विणीचा स्पंज अर्धा कापा, भिजवा आणि घट्ट पिळा. पाणी टपकत असेल तर कुठलाच ब्रँड चांगला दिसणार नाही. वडीवर गोल फिरवून रंग घ्या आणि हातावर टिपत लावा. घासलं की पट्टे उठतात. प्रत्येक रंगाचा एकच पातळ थर द्या. त्वचा कुठे डोकावते का, वाळायला किती वेळ लागतो आणि शेजारी दुसरा रंग टिपला की सीमा विरघळते का, ते पाहा. चांगला बेस एका थरात भरतो आणि वाळल्यावर ओढ जाणवत नाही.

पायरी ४: रेघेची परीक्षा

इथे घाई करू नका, कारण ब्रँडांमधला खरा फरक इथेच दिसतो. गोल टोकाचा २ किंवा ३ नंबरचा ब्रश घ्या. तो भिजवून टिपून घ्या आणि वडीच्या कडेला आडवा फिरवत रंग पोटापर्यंत भरा. नुसतं टोक बुडवलं तर रेघ मध्येच संपते आणि दोष रंगाला जातो. शाईपेक्षा किंचित दाट रंग हवा.

ब्रश त्वचेला काटकोनात धरा, करंगळी टेकवा, टोक अलगद ठेवून दाब वाढवत न्या आणि शेवटी उचला: बारीक, जाड, बारीक. एका भरणीत रेघ किती लांब जाते, कडा फाटतात का, शेपूट बारीक येतं का, हे प्रत्येक काळ्याबाबत नोंदवा. मग हीच रेघ वाळलेल्या केशरी बेसवर ओढा. खालचा रंग विरघळून काळा तपकिरी झाला तर एकतर ब्रशवर पाणी जास्त आहे किंवा हा काळा रेघेचा नाही. पाणी कमी करून पुन्हा ओढा म्हणजे कळेल.

पांढऱ्याची कसोटी सर्वांत कठीण. वाळलेल्या काळ्यावर पांढरा ठिपका आणि थेंब काढा. वाळल्यावर राखाडी पडला तर तो पांढरा बेसला ठेवा. डोळ्यांतली चमक आणि मिशांची मुळं यांसाठी काळ्यावर शुभ्रच राहणारा पांढरा लागतो, आणि तो बहुतेक मेणाच्या गटातला निघतो.

पायरी ५: घाम आणि धुणं

रंगवलेला हात घेऊन दुपारी पंख्याविना बसा किंवा चार मजले चढून या. तासाभराने पांढरा रुमाल दाबा, घासू नका. रुमालावर कोण उतरलं ते स्पष्ट दिसेल. त्यानंतर सौम्य साबण आणि पाण्याने धुवा. लाल, निळा, हिरवा मागे डाग ठेवतात. थोडं खोबरेल तेल चोळून पुसलं तर बरेच निघतात.

मग जोडी जुळवा

मुंबईसाठी माझी पसंती स्पष्ट आहे. बेस ग्लिसरीनचा पण अगदी पातळ, रेघा मेणाच्या काळ्या-पांढऱ्याने. बेस पूर्ण वाळल्याशिवाय रेघ ओढायची नाही. वरचा ओठ, कपाळाचा केसांलगतचा भाग आणि नाकाच्या बाजू आधी घामेजतात, तिथे बेस टाळून नक्षी गालावर आणि भुवयांवर न्या. एसी हॉलमधल्या वाढदिवसाला पूर्ण चेहऱ्याचा बेस खुशाल द्या.

प्रत्येक मुलाला नवा स्पंज, ब्रशाचं पाणी वारंवार बदललेलं. डोळे आलेल्या, सर्दीने बेजार किंवा चेहऱ्यावर जखम असलेल्या मुलाला रंगवू नका. हातावर फुलपाखरू काढून द्या. तीन वर्षांखालच्या बाळांनाही नको.

पावसाळ्यात वड्यांवर बुरशी चटकन धरते. काम झालं की वरचा ओला थर टिपून घ्या, डब्या रात्रभर पंख्याखाली उघड्या ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच झाकण लावून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात भरा. वास आला किंवा ठिपके दिसले की ती वडी खरवडून वापरू नका, सरळ टाकून द्या.