क्लासच्या आधीची भूक : पोरांना नेमकं काय द्यायचं

सांगलीत नववी-दहावीच्या पोरांचं टाइमटेबल बघा, पाचला शाळा सुटते, सहाला विश्रामबागला क्लास, घरी यायला रात्रीचे साडेआठ आणि मधल्या वेळात गाड्यावरचं मंचुरियन. आपण भांडतो सकाळच्या डब्यावरून, पण खरा घोळ संध्याकाळच्या त्या तासात आहे, तेवढा सांभाळा.

भडंग द्या. विकतच्या पाकिटात तेल-मीठ फार असतं म्हणून घरी करा. थोड्या तेलात मंद गॅसवर दाणे परता, मग ठेचलेला लसूण चांगला कुरकुरीत होऊ द्या, ओला राहिला की भडंग लगेच मऊ पडतं. कढीपत्ता, हळद घालून गॅस बंद करा आणि मगच तिखट टाका नाहीतर करपतं, वर मेतकूट, मीठ, जराशी पिठीसाखर आणि चुरमुरे. दाणे हात सैल सोडून घाला, 100 ग्रॅम दाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रोटीन असतं, नुसत्या चुरमुऱ्यांनी तासाभरात परत भूक लागते.

सोबत वेगळ्या छोट्या डब्यात वाफवलेली मोडाची मटकी, कांदा आणि लिंबाची फोड, खाताना मिसळायचं. लिंबू चवीपुरतं नाही बरं का, त्यातल्या व्हिटॅमिन सीमुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या आकड्यांप्रमाणे 13 ते 15 वर्षांच्या मुलींना रोज 30 मिलिग्रॅम लोह लागतं, मुलांना 22. चहाने लोह नीट अंगी लागत नाही, त्यामुळे लगेच वर चहा नको, तासाभराने प्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर तीही घ्यायला लावा, जेवण झाल्यावर.

कंटाळा आला की उकडलेलं अंडं, केळं, सीझनला पेरू नाहीतर उकडलेल्या शेंगा. तासगावचे बेदाणे मूठभरच, गोड ते गोडच आणि दाताला चिकटतात, वर चूळ भरायची.

एनर्जी ड्रिंकवर लेक्चर देऊ नका, कॅन हातात देऊन मागचं बारीक अक्षर वाचायला सांगा, मुलांनी पिऊ नये असं कंपनीनेच छापलेलं असतं. शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं विकायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे, पालकसभेत चार जणांनी मिळून काढा हा विषय, एकट्याचं कोण ऐकत नाही.

गाडा पूर्ण बंद करू नका, शनिवारी मित्रांबरोबर खाऊ दे की! आणि भडंग पिशवीत देऊ नका, दप्तरात चुरा होतो, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा द्या.