फाउंडेशन वाचायला घेताय? या चुका टाळा

आयझॅक असिमॉव्हची फाउंडेशन ही विज्ञानकादंबऱ्यांची सिरीज शंभर पानांत सोडून दिली असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, सुरुवात कुठून केलीस? बरेचदा उत्तर येतं 'प्रील्यूड टू फाउंडेशन'पासून, कारण काळानुसार ते आधी येतं ना. मी पण हेच केलं होतं आणि पार वाट लावून घेतली.

प्रील्यूड आलं १९८८ मध्ये, मूळ तीन पुस्तकं १९५१ ते ५३ मधली. सिरीजमधला गणितज्ञ हॅरी सेल्डन हा दंतकथा झालेला माणूस आहे हे तुम्हाला माहितीये असं धरूनच ते लिहिलंय, आणि वर 'फाउंडेशन अँड अर्थ'च्या अगदी शेवटी जे गुपित ठेवलंय ते इथेच फुटतं. मग पाचवं पुस्तक वाचून काय मजा? गोंधळ व्हायचं एक कारण म्हणजे प्रील्यूडच्या सुरुवातीला लेखकानेच सगळ्या पुस्तकांची यादी दिलीये, पण तो आहे कथेतल्या काळाचा क्रम, लोक त्यालाच वाचायचा क्रम समजतात.

सरळ छापून आलेल्या क्रमाने जा: फाउंडेशन, फाउंडेशन अँड एम्पायर, सेकंड फाउंडेशन, मग फाउंडेशन्स एज (१९८२), फाउंडेशन अँड अर्थ (१९८६), आणि प्रील्यूड व फॉरवर्ड द फाउंडेशन सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक, पहिल्या पुस्तकात हिरो शोधत बसणं. ते पाच भागांचं आहे, त्यातले चार आधी मासिकात कथा म्हणून आलेले, त्यामुळे एखादं पात्र जरा आवडायला लागलं की गोष्ट कित्येक वर्षं पुढे उडी मारते. हे मुद्दाम आहे, तिथे माणसांपेक्षा समाजाचं गणित महत्त्वाचं. दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धात म्युल नावाचा खलनायक येतो तिथपर्यंत कळ काढा. तोही नाही आवडला तर खुशाल सोडा, ही सिरीज तुमच्यासाठी नाही.

असिमॉव्हची रोबोट कादंबऱ्यांची वेगळी सिरीज आहे, ती कधी वाचायची? तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकाच्या मधे, 'द केव्ह्ज ऑफ स्टील'पासून 'रोबोट्स अँड एम्पायर'पर्यंत चारही, कारण ऐंशीच्या दशकात त्याने दोन्ही सिरीज एकमेकींना जोडल्या. त्याच्याच 'एम्पायर' या आणखी एका सिरीजच्या तीन कादंबऱ्या राहिल्या तरी काही अडत नाही.

आणि फाउंडेशनची टीव्ही सिरीयल बघून आला असाल तर क्लोन सम्राट पुस्तकात शोधू नका, ते तिथे नाहीतच.