भाव वाढलेली पद्मिनी रस्त्यावर चालती कशी ठेवावी

मुंबईतील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या आणि एके काळी भंगाराच्या भावाने गेलेल्या या गाड्यांपैकी नीट राखलेल्या खासगी गाड्यांना आता हौशी मंडळी चांगली किंमत मोजतात. मालकाला त्याचा आनंद होतो, पण भाव कळल्यापासून ओरखड्याची धास्ती बसते आणि रविवारची फेरी टळू लागते. ही धास्ती आटोक्यात आणता येते.

सर्वप्रथम विमा तपासावा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे विमामूल्य मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते, पण नूतनीकरणाच्या वेळी मागच्या वर्षीचा आकडा घसरत पुढे सरकतो आणि मालकही हप्ता कमी झाला म्हणून खूश होतो. ताजी छायाचित्रे व दुरुस्तीची बिले जोडून वाजवी मूल्य लेखी मान्य करून घ्यावे.

नोंदणीच्या बाबतीत घाई करू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी गाडीला २० हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक घेता येतो. १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी पहिल्या आता कुठे त्या वयाच्या झाल्या आहेत. क्रमांक रुबाबदार खरा, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापरासाठी नाही. ज्याला कुटुंबासह अलिबागला जायचे आहे, त्याने दर पाच वर्षांनी तपासणी करून व पर्यावरण कर भरून साधी नोंदणीच चालू ठेवावी, असे माझे मत आहे.

उभ्या गाडीचे हाल चालत्या गाडीपेक्षा जास्त होतात. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा ओढून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या इंधनाने टाकी आतून गंजते, कार्बोरेटर तुंबतो, तर ब्रेकचे सिलिंडर न वापरल्याने अडकतात. जुने रबरी पाइप व इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे बसवून घ्यावेत आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी, शक्यतो पहाटे, पंधरा-वीस किलोमीटरची फेरी मारावी. इमारतीच्या आवारात पाच मिनिटे इंजिन घरघरवणे म्हणजे फेरी नव्हे. त्याने तेल पुरते तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचते.

चोरीला जाण्याजोगे मूळ भाग, विशेषतः चाकांच्या टोप्या, घरी ठेवून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांत मिळतील तशा टोप्या लावाव्यात. केवळ भाव मिळावा म्हणून संपूर्ण गाडी नव्याने रंगवू नये. मूळ रंग पुन्हा मिळत नाही, शिवाय आरशासारखी चकचकीत गाडी मालक स्वतःच बाहेर काढेनासा होतो.

विकण्याचा विचार असलेल्यांनाही फेरी चुकवून चालणार नाही. वैयक्तिक वापराच्या गाडीवरील नफ्याला भांडवली नफ्याचा कर लागत नाही, परंतु १९३१ सालची फोर्ड २० हजारांना घेऊन २१ लाखांना विकणाऱ्या एका मालकाला असा वापर सिद्ध करता आला नाही आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवावी, प्रत्येक फेरीची तारीख व किलोमीटर तीत लिहावेत आणि पेट्रोलच्या पावतीची छायाप्रत चिकटवावी, कारण मूळ पावतीवरची शाई वर्षभरात उडून जाते.