घरातलं पोरगं मेथवर आहे का ते कसं ओळखायचं, आणि ॲडमिट करताना काय बघायचं

आधी एक गोंधळ मिटवते. पुण्यात पोरं ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन, आणि क्रिस्टल किंवा आइस म्हणतात ते मेथॅम्फेटामाइन, म्हणजे मेथ. २०२४ च्या फेब्रुवारीत कुरकुंभ एमआयडीसीत पुणे पोलिसांची धाड पडली आणि शेकडो किलो माल सापडला, तो मेफेड्रोन होता. रसायनं वेगळी पण जात एकच, दोन्ही माणसाचं अंग आणि डोकं नुसतं पळत ठेवतात. आपल्या आईवडिलांच्या पिढीला गर्दुल्ला माहितीये, कोपऱ्यात पेंगत बसलेला. मेथवाला पेंगत नाही. उलट तो इतका तरतरीत दिसतो की सुरुवातीला घरच्यांना बरंच वाटतं, आणि इथेच आपण फसतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. रात्री तीनला पाणी प्यायला उठले तर धाकटा भाऊ किचनमध्ये फरशीवर पेपर पसरून बसलेला, मिक्सर पूर्ण उघडलेला, आणि स्क्रू लहान ते मोठे असे एका ओळीत लावलेले. म्हणाला, "ताई, आवाज येत होता गं, बघतोय." मिक्सर व्यवस्थित चालत होता. सकाळी आई म्हणाली, बघ आता कसा घरात लक्ष घालायला लागलाय! पुढे डॉक्टरांनी सांगितलं की वस्तू उघडत बसणं, तेच तेच काम तासन् तास करणं हे या नशेत नेहमी दिसतं.

तर पहिलं काम, एकेक लक्षण धरून बसू नका, चक्र बघा. दोन-तीन दिवस झोप नाही, जेवण जवळपास नाही, बडबड खूप, घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, दात खाणं. मग एकदम कोसळतो आणि पंधरा-सोळा तास झोपतो, दार वाजवलं तरी उठत नाही. उठला की अधाशासारखा खातो, चिडतो किंवा अगदी गप्प होतो. नोकरी शिफ्टची असेल तर हे सगळं शिफ्टच्या नावावर खपतं, आमचं वर्ष तसंच गेलं. उपाय साधा आहे, कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहितो ना, तिथेच खूण करा, आज झोपला की नाही, जेवला की नाही. महिनाभरात चक्र असेल तर डोळ्यांसमोर दिसतं, आणि डॉक्टरांना दाखवायलाही ते कामाला येतं.

बाकी दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे वजन उतरणं, ओठ कोरडे, दात झपाट्याने किडणं, अंगावर खाजवून खाजवून झालेल्या जखमा (कातडीखाली किडे फिरतायत असं खरंच वाटतं त्यांना), पैशांची चणचण. खोलीत काचेची बारीक नळी, आतून काळा झालेला बल्ब, जळालेली फॉइल, चिमुकल्या झिपच्या पुड्या. माल खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा किंवा तुरटीच्या खड्यासारखा दिसतो. आणि संशय. वॉचमन माझ्यावर नजर ठेवतो, गॅलरीतून कोणीतरी बघतंय, तू माझा फोन का घेतलास. हे वाढलं की वाद घालू नका. "कोणी नाहीये रे बाहेर" असं दहा वेळा सांगून काही होत नाही, उलट तुम्हीपण त्यांना सामील आहात असं त्याला वाटतं. हळू बोला, खोलीत गर्दी करू नका.

छातीत दुखतंय, अंग तापलंय, फिट आली, बोलणं अडखळतंय किंवा अर्धं अंग लुळं वाटतंय, आवाज ऐकू येतायत, जीव द्यायची भाषा करतोय, यातलं काही दिसलं तर चक्र-बिक्र विसरा, १०८ लावा किंवा रिक्षात घालून जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा आणि काय घेतलंय ते खरं सांगा. तिथे लाज बाळगून बीपीचा त्रास आहे वगैरे सांगितलं तर उपचार चुकतात.

लघवीची टेस्ट करायची का, हे सगळे विचारतात. मेथ साधारण दोन ते चार दिवस सापडते. पण साध्या किटमध्ये मेफेड्रोन बऱ्याचदा येतच नाही, म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून सुटका झाली असं नाही, आणि काही सर्दीच्या गोळ्यांनी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो. टेस्ट डॉक्टरांमार्फतच करा, चोरून अजिबात नको.

बोलायचं कधी, हे मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं. चढलेली असताना नाही, कोसळून झोपलेला असताना तर नाहीच. झोप झाली, पोटभर जेवला, आणि आता डोळ्यांत पाणी यायच्या बेतात आहे, तो अर्धा दिवस तुमचा. तेव्हा "तू ड्रग्ज घेतोस का" असं विचारलं की नाही हेच उत्तर येणार. मी कॅलेंडर पुढे ठेवलं आणि म्हटलं, मंगळवार ते गुरुवार तू झोपला नाहीस, मला भीती वाटते, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल, बाकी काही मागत नाही. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, चल. मामा, काका, बिल्डिंगचे सेक्रेटरी यांना त्या खोलीत बोलावू नका. आणि "लग्न करून द्या, सुधारेल" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञ, थेट व्यसनमुक्ती केंद्र नाही. ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, खाजगीतही भरपूर आहेत. सगळ्यांना राहून उपचार लागतात असं नाही, काहींचं ओपीडी आणि समुपदेशनावर भागतं. पण भास-संशय झालेत, घरी सोडायचा प्रयत्न दोनदा-तीनदा फसलाय, दारूपण आहे, किंवा माल देणारा त्याच्याच फ्लॅटवर राहतो, तर राहून घेतलेलं बरं. पोलीस केसची भीती असते ना सगळ्यांना, तर डॉक्टरांना माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये थोड्या मालाच्या प्रकरणात स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण आहे. केस आधीच झाली असेल तर मात्र वकिलाला विचारा.

मेथ सोडवणारी ठरावीक गोळी नाही. झोप, नैराश्य, भास यांवर औषधं देतात, बाकी काम समुपदेशन, गट आणि रोजची शिस्त यांचं. त्यामुळे सात दिवसांत गॅरंटी, जेवणात मिसळायची पावडर, असं कोणी सांगितलं की फोन ठेवा. पहिला आठवडा-दहा दिवस पेशंट नुसता झोपतो, खातो आणि रडतो. दारू सोडताना येते तशी फिट सहसा येत नाही, पण जीव द्यायचे विचार येऊ शकतात, म्हणून तिथे रात्रीही माणूस हजर लागतो.

केंद्र निवडताना आम्ही आधी चुकलोच होतो. इंटरनेटवर नंबर मिळाला, समोरचा म्हणाला रात्री व्हॅन पाठवतो, चार पोरं येतील, सहा महिने ठेवा, पहिले तीन महिने भेट नाही. आई तयार झाली होती. मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की व्यसनही मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये येतं. पेशंट स्वतः तयार असेल तर कलम ८६ खाली त्याच्या सहीने ॲडमिशन होतं. तयार नसेल आणि परिस्थिती गंभीर असेल तर कलम ८९, त्यात दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच ठेवता येतं. साखळीने बांधायला बंदी आहे. व्हॅनवाल्याकडे यातलं काहीच नव्हतं.

म्हणून स्वतः जाऊन बघा, भिंतीवर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री नर्स असते का, घरच्यांसाठी मीटिंग होते का, फी लेखी देतात का. आणि किचन बघा, खरंच. जिथे किचन दाखवायला कां-कू करतात तिथे बाकीचंही दाखवणार नाहीत. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये अवचट दांपत्याने सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंची मदत होती, आणि बायकांसाठीही तिथे वेगळी सोय आहे. आत्ताची फी, वेटिंग फोन करूनच विचारा. मेडिक्लेमवर अवलंबून राहू नका, बहुतेक पॉलिसींमध्ये व्यसनाचा उपचार वगळलेला असतो. खर्च झेपत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, अनुदानावर चालणारी केंद्रं विचारा. रात्री-अपरात्री नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

घरी आल्यावरचं कोणी नीट सांगत नाही. मेंदूतलं डोपामिनचं, म्हणजे मजा वाटायला लावणाऱ्या रसायनाचं गणित सावरायला वर्ष-सव्वा वर्ष लागू शकतं, तोवर त्याला कशातच मजा वाटत नाही, त्याला आळशी म्हणू नका. फॉलोअप चुकवू नका, नार्कोटिक्स ॲनॉनिमस या नशा सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगही पुण्यात होतात. भावाने नंबर बदलला, जुना फ्लॅट सोडला, पगाराच्या खात्याचं यूपीआय आईच्या फोनवर घेतलं. एकदा घसरलापण, चौथ्या महिन्यात. त्या रात्री भांडलो नाही, दार उघडं ठेवलं, सकाळी त्याला आंघोळ करायला लावली आणि डॉक्टरांच्या नंबरात जाऊन बसलो, सव्वा तास, तो झोपला होता माझ्या खांद्यावर.